रजोनिवृत्ती आणि रक्तातील कोलेस्टेरॉल

पाळी कायमची थांबण्याच्या सुमारास बीजकोशांतील इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकाची (हार्मोनची) निर्मिती घटते आणि रक्तातील मेदांचे प्रमाण बदलते. भारतीय स्त्रियांत हे वय सरासरी 46–47 च्या आसपास मानतात.

इस्ट्रोजेनमुळे यकृतपेशींवरील एलडीएल-ग्राही, म्हणजे एलडीएल (‘वाईट’ कोलेस्टेरॉल) पकडणारे रेणू, वाढतात व रक्तातले एलडीएल यकृतात ओढले जाते. यकृतातील लायपेज या विकरालाही (एन्झाइमलाही) आवर बसतो, त्यामुळे एचडीएल (‘चांगले’ कोलेस्टेरॉल) चढे राहते. संप्रेरक ओसरले की ग्राही कमी होतात आणि एलडीएल रक्तात साचू लागते.

ही वाढ वयाची की संप्रेरकाच्या अभावाची, हा वाद जुना आहे. दोन्ही गोष्टी एकाच काळात घडतात. अमेरिकेतील मध्यमवयीन स्त्रियांच्या ‘स्वान’ पाहणीच्या 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत एकूण कोलेस्टेरॉल, एलडीएल व अपोबी (एलडीएलच्या कणांवरील प्रथिन) शेवटच्या पाळीच्या आगेमागे एकेक वर्षात ठळकपणे चढलेले आढळले. रक्तदाब व इन्सुलिन मात्र वयाप्रमाणे हळूहळू बदलत गेले. त्यामुळे संप्रेरकाकडे बोट दाखवणारे मत अधिक ग्राह्य वाटते. बीजकोशांना चालना देणाऱ्या एफएसएच या संप्रेरकाची वाढही याला हातभार लावत असावी, असे काही अभ्यासक मानतात.

मग संप्रेरक बाहेरून देऊन हृदयविकार टळतो का? 1998 च्या ‘हर्स’ चाचणीत हृदयविकार असलेल्या 2,763 स्त्रिया होत्या. इस्ट्रोजेन-प्रोजेस्टिन (दोन स्त्री-संप्रेरकांची जोडी) घेणाऱ्यांचे एलडीएल उतरले, एचडीएल वाढले. हृदयविकाराचे झटके मात्र घटले नाहीत. केवळ कोलेस्टेरॉल उतरवण्यासाठी हे उपचार देत नाहीत. त्यासाठी स्टॅटिन हे कोलेस्टेरॉल उतरवणारे औषध आहे.

कोकण किनाऱ्यावर कोलेस्टेरॉलची ही वाढ बहुधा नारळाच्या नावावर जमा होते. खोबऱ्यात कोलेस्टेरॉल नसते; पण त्याचे तेल बहुतांशी संपृक्त असून एलडीएल वाढवते, तेव्हा खोबऱ्याचे वाटप आणि सोलकढीतल्या नारळाच्या रसाचा हिशेब ठेवावाच. तरीही ताट वर्षानुवर्षे तेच असताना पंचेचाळिशीनंतर आकडा चढला, तर नुसते खोबरे बंद करून भागत नाही. बांगडा-तारलीतील ओमेगा-3 मुख्यतः ट्रायग्लिसराइड (रक्तातील दुसऱ्या प्रकारचा मेद) उतरवते, एलडीएल नव्हे.

‘पिशवी काढली’ एवढ्या माहितीवर इस्ट्रोजेन ओसरल्याचे निदान करू नये. दोन्ही बीजकोशही काढले असतील तर इस्ट्रोजेन काही दिवसांतच कोसळते. ते ठेवले असतील तर पाळी थांबूनही संप्रेरक चालू राहते. शस्त्रक्रियेच्या कागदांत ही नोंद असते. ती तपासणीच्या वेळी डॉक्टरांना दाखवावी.