सिक्लिड माशांचे घरगुती प्रजनन व पिलांची जगवणूक

सिक्लिड माशांचे घरगुती प्रजनन : सिक्लिडी कुलातल्या शोभिवंत माशांची घरच्या काचेच्या टाकीत वीण घेऊन त्यांची पिले वाढवण्याची पद्धत. एंजल, डिस्कस, ऑस्कर, कॉन्व्हिक्ट आणि आफ्रिकेच्या मलावी सरोवरातले रंगीत मासे हे या कुलातले हौशी लोकांच्या ओळखीचे प्रकार. आजवर १,७०० हून अधिक जातींचे वर्णन झाले असून त्यांतल्या बहुतेक आफ्रिकेतल्या किंवा दक्षिण व मध्य अमेरिकेतल्या आहेत. भारतात मूळच्या जाती तीनच. त्यांपैकी काळुंदर कोकणच्या खाड्यांत मिळते. बाजारात तिचे मोल खाण्याचा मासा म्हणूनच होते. टाकीतल्या सिक्लिडांच्याच कुलातली ती आहे हे फारसे कोणाच्या ध्यानात येत नाही.

सिक्लिडांची जोडी जमली की अंडी मिळायला वेळ लागत नाही. खरी कसोटी पुढच्या दोन-तीन आठवड्यांत लागते आणि कोकणात तरी बहुतेक पिले पाण्यापायी किंवा भुकेने जातात.

या कुलाचे वैशिष्ट्य म्हणजे आईबाप पिलांना राखतात. एंजलची मादी रुंद पानावर किंवा उभ्या गुळगुळीत पृष्ठभागावर ओळीने अंडी चिकटवते. मंगळोरी कौलाचा तुकडा तिरका टेकून ठेवला तरी तिला चालतो. नर मागून येऊन अंडी फळवतो आणि मग दोघे आळीपाळीने परांनी वारा घालत राहतात. २७–२८ अंश सेल्सियस तापमानात दोन-तीन दिवसांत अंडी फुटतात. बाहेर आलेले जीव लगेच पोहत नाहीत. डोक्याजवळच्या चिकट स्रावाने लटकून शेपट्या वळवळवत राहतात आणि पोटाखालच्या बलकावर जगतात. साधारण पाच दिवसांनी ती पोहू लागतात. काळुंदर दगडावर किंवा बुडालेल्या लाकडावर अंडी घालते आणि पिले चिखलातल्या खळग्यांत नेऊन ठेवते.

मलावी सरोवरातल्या बऱ्याच जातींत मात्र मादी अंडी तोंडातच वागवते. सुमारे तीन आठवडे ती जवळपास उपाशी असते. तिची पिले थोडी असतात, पण बाहेर पडताना चांगली वाढलेली असतात आणि पहिल्या दिवसापासून कोरड्या खाद्याची पूड खातात. नवख्याने इथूनच सुरुवात करावी.

नवी जोडी पुष्कळदा पहिली एक-दोन वेळा अंडी खाऊन टाकते. त्यावर सर्रास उपाय म्हणून अंडी उचलून वेगळ्या टाकीत, मेथिलीन ब्लू या बुरशी रोखणाऱ्या निळ्या रंगाच्या पाण्यात, हवेच्या बुडबुड्यांखाली ठेवतात. पिले संख्येने जास्त मिळतात हे खरे, पण घाई करू नये. पांढरी पडलेली अंडी फळलेली नसतात. त्यांवर बुरशी धरते आणि ती शेजारच्या चांगल्या अंड्यांवर पसरते. आईबाप ती वेचून काढतात तेव्हा बाहेरून पाहणाऱ्याला ते सगळीच खात आहेत असे वाटते. जोडीला टाकीत एकटे ठेवावे, रात्री मंद दिवा लावावा, काचेशी ये-जा कमी करावी आणि निदान तीन विणी तरी तिच्यावर सोडून बघाव्यात. डिस्कसच्या बाबतीत तर दुसरा सोपा मार्गच नाही : त्याची पिले सुरुवातीला आईबापांच्या अंगावरचा श्लेष्म (बुळबुळीत स्राव) टोचून खातात आणि त्यांना लवकर वेगळे केले तर जगवणे फार अवघड जाते.

पिले पोहू लागली की त्याच दिवशी त्यांच्या पोटात काही गेले पाहिजे. उकडलेल्या अंड्याचा बलक स्वस्त पडतो, पण त्याने पाणी नासते. थेंबभर जास्त झाला तरी सकाळी तळाशी मेलेली पिले दिसतात. सर्वांत भरवशाचे खाद्य म्हणजे आर्टेमिया या खाऱ्या पाण्यातल्या कोळंबीसारख्या बारीक जीवाची ताजी पिले. यात किनाऱ्यावरच्या माणसाची मोठी सोय आहे, कारण उघड्या समुद्राचे स्वच्छ, गाळलेले पाणी यासाठी थेट वापरता येते. बाटलीत खालून हवा सोडली की साधारण २४ तासांत आर्टेमियाची अंडी फुटतात. हवा बंद करून बाटलीच्या एका बाजूला बॅटरी धरावी. जिवंत पिले उजेडाकडे गोळा होतात, रिकामी टरफले वर तरंगतात. ही टरफले माशांच्या पिलांच्या पोटात अडकू शकतात, म्हणून फक्त उजेडाकडचा भाग नळीने ओढून, कापडात गाळून, गोड्या पाण्याने धुऊन द्यावा. पंधरा-वीस मिनिटांनी भिंग घेऊन पाहावे : ज्याचे पोट फुगीर नारिंगी दिसते त्याने खाल्ले आहे. पोट चपटे आणि पारदर्शक राहिले तर ते पिलू दुसऱ्या दिवशी बहुधा नसते. तळ्यातून किंवा डबक्यातून डासांच्या अळ्या आणायच्या तर नीट निवडून आणाव्यात. त्यांच्याबरोबर चतुराच्या अळ्या आल्या तर त्याच पिले फस्त करतात.

पाण्याची बाब कोकणात निराळी आहे. जांभ्यातल्या विहिरींचे पाणी सहसा मऊ व किंचित आम्लधर्मी असते. एंजल, डिस्कस यांना ते मानवते; मलावीच्या माशांना ७.८ ते ८.६ सामू (पाणी किती आम्ल किंवा अल्क आहे ते सांगणारा आकडा, pH) लागतो. त्यासाठी धुतलेल्या शिंपल्यांचा चुरा फिल्टरमध्ये घालतात. मात्र सामू वाढला की विष्ठेतून आलेला अमोनिया अधिक जहरी होतो, तेव्हा अशा टाकीत खाद्य हात राखून द्यावे. उलट अगदी मऊ पाण्यात सामू एकाएकी उतरतो आणि अमोनिया पचवणारे जिवाणू मंदावतात, म्हणून एंजलच्या टाकीतही चिमूटभर चुरा असू द्यावा. खाडीलगतच्या विहिरी उन्हाळ्यात मचूळ होतात; पावसाळ्यात ग्रामपंचायत विहिरीत टीसीएल पावडर (क्लोरीनची जंतुनाशक भुकटी) टाकते. त्या दिवशीचे पाणी पिलांना घातले तर तासाभरात टाकी रिकामी होऊ शकते. पाणी उघड्या पिंपात हवा सोडून एक दिवस मुरवावे किंवा क्लोरीन मारणारे सोडियम थायोसल्फेट वापरावे.

फिल्टर स्पंजचाच असावा. जोराचा पंप पिले ओढून घेतो. रोज पाचवा हिस्सा पाणी हवेच्या बारीक नळीने पांढऱ्या बादलीत काढावे, म्हणजे चुकून आलेले पिलू दिसते. पावसाळ्यात वादळाने तारा तुटून वीज तासन्‌तास जाते. दाटीच्या टाकीत आधी प्राणवायू संपतो, मग स्पंजातले जिवाणू मरतात. बॅटरीवरचा एअर पंप हाताशी ठेवावा आणि वीज येईपर्यंत खाद्य बंद करावे.

तीन-चार आठवड्यांनी मोठी पिले लहानांना खाऊ लागतात, तेव्हा आकाराप्रमाणे वेगळी करावीत. एंजलसारख्या माशांच्या एका विणीत शेकडो पिले होतात आणि ती सगळी घरात सामावत नाहीत. उरलेली पिले दुकानदाराला किंवा दुसऱ्या हौशी माणसाला द्यावीत, पण वहाळात, तळ्यात किंवा खाडीत कधीही सोडू नयेत. १९५२ मध्ये भारतात आणलेला मोझांबिक तिलापिया हा तोंडात पिले वागवणारा सिक्लिडच. तो आता देशभरच्या तळ्यानद्यांत पसरला असून तिथल्या मूळ माशांच्या खाद्यात आणि विणीच्या जागांत वाटेकरी झाला आहे.