पाव की प्याला : गव्हाच्या बियरची पाचशे वर्षं

ठाण्यात घोडबंदर रोडला किंवा वाशी-नेरूळला चार मित्र बसले की हल्ली 'व्हीट बियर'ची ऑर्डर हमखास जाते. ग्लास समोर आला की नवखा माणूस दचकतो. एवढी गढूळ का? बिघडली की काय? बिघडलेली नसते. तो गढूळपणा गव्हातल्या प्रथिनांचा आणि न गाळलेल्या यीस्टचा. वर बराच वेळ टिकणारा जाड फेसही त्या प्रथिनांमुळेच. आणि नाकाशी नेल्यावर पिकल्या केळ्याचा, लवंगेचा वास येतो, तेव्हा आत केळंही नसतं नि लवंगही. केळ्याला त्याचा वास देणारं आयसोअमाइल अॅसिटेट हे द्रव्य यीस्ट आंबवताना स्वतः तयार करतं. लवंगेच्या वासामागेही यीस्टच.

ही झाली जर्मनीतली हेफेवाइझेन. 'हेफे' म्हणजे यीस्ट, 'वाइझेन' म्हणजे गहू. माल्टमध्ये, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्यात, निम्मा तरी गहू हवा, हा तिथला नियम. नुसत्या गव्हाची बियर करणं अवघड जातं, कारण गव्हाला टरफल नसतं आणि लगदा गाळताना चिकटून बसतो. म्हणून सोबतीला जव लागतोच.

या बियरचा इतिहास म्हणजे गव्हावर पहिला हक्क कोणाचा, भट्टीवाल्या पाववाल्याचा की बियरवाल्याचा, याचं भांडण आहे. २३ एप्रिल १५१६ रोजी जर्मनीतल्या बव्हेरियाचे राज्यकर्ते ड्यूक विल्हेल्म चौथे आणि त्यांचे भाऊ लुडविग दहावे यांनी इंगोलश्टाटला फर्मान काढलं : बियर फक्त जव, हॉप्स (कडवटपणा देणारी एका वेलीची फुलं) आणि पाणी यांचीच. आज या फर्मानाचं कौतुक शुद्धतेचा कायदा म्हणून होतं. पण त्यात बियरचे दरही बांधून दिले होते, आणि गहू पावासाठी शिल्लक राहावा हा त्याचा मोठा फायदा होता. मला हा भाग अधिक महत्त्वाचा वाटतो. ज्या मुलखात धान्य कमी पडलं की माणसं उपाशी राहतात, तिथे प्याल्याआधी ताटाचा विचार होणारच.

तरीही गव्हाची बियर संपली नाही, कारण एका दाराला कुलूप लागलंच नव्हतं. डेगेनबर्ग नावाच्या सरदार घराण्याला ती गाळण्याचा खास परवाना मिळाला होता. १६०२ मध्ये या घराण्याचा शेवटचा पुरुष निपुत्रिक वारला आणि तो हक्क ड्यूक मॅक्सिमिलियन पहिले यांच्याकडे आला. त्यांनी बंदी कडक करण्याऐवजी स्वतःच कारखाने काढले. गव्हाची बियर ही राजघराण्याची मक्तेदारी झाली आणि तिजोरीत पैसा येऊ लागला. पावासाठी राखलेला गहू राजाच्या पिंपात चालला, इतरांच्या नाही.

पुढे थंडीत सावकाश आंबणाऱ्या लागर बियरची चलती झाली आणि गव्हाची बियर मागे पडली. १८७२ मध्ये गेओर्ग श्नायडर यांनी ती गाळण्याचा हक्क राजे लुडविग दुसरे यांच्याकडून मिळवला. त्यांच्या घराण्याचा कारखाना आजही केलहाइममध्ये चालू आहे.

बेल्जियममध्ये तर ही परंपरा पार तुटली होती. हूगार्डन गावातला शेवटचा जुना कारखाना १९५० च्या दशकात बंद पडला. पियर सेलिस हे तिथले दूधवाले. लहानपणी शेजारच्या कारखान्यात हात लावलेला, तेवढ्या भांडवलावर त्यांनी १९६० च्या दशकात ही बियर पुन्हा उभी केली. माल्ट न केलेला गहू, धने आणि संत्र्याची वाळलेली साल. आज जगभर 'विटबियर' म्हणून जे मिळतं, त्याचं मूळ या एका माणसाच्या हट्टात आहे. याशिवाय बर्लिनची आंबट वाइसे आणि लाइपझिगची मिठाची गोझे आहेत, पण आपल्याकडे त्या क्वचितच भेटतात.

महाराष्ट्रात ताज्या क्राफ्ट बियरची, म्हणजे छोट्या प्रमाणावर गाळलेल्या बियरची, सुरुवात २००९ मध्ये पुण्यात 'डूलाली'ने केली. ठाणे जिल्ह्यालाही यात वाटा आहे : डोंबिवलीत 'गेटवे ब्रूइंग'ने 'व्हाइट झेन' नावाची हेफेवाइझेन गाळली. २०१५ मध्ये 'बिरा ९१ व्हाइट' आली आणि धने-संत्र्याची चव दुकानाच्या फ्रिजपर्यंत पोचली.

आता जेवणाचं. हॉप्सचा कडवटपणा तिखट आणखी भडकवतो. गव्हाच्या बियरमध्ये तो कमी असतो, म्हणून आगरी-कोळी मसाल्याशी तिचं जमतं. रव्यात घोळवून तळलेल्या बोंबलाबरोबर विटबियर घ्या. तिचे बुडबुडे तेलकटपणा धुऊन काढतात आणि संत्र्याची साल लिंबाचं काम करते. कोळंबी, तिसऱ्या यांच्याशीही हीच. तर्रीदार मिसळीला मात्र माझ्या मते ताकच बरं, कारण तिथे बियरची चव हरवून जाते.

एक विनंती : बर्फासारखी गार करू नका, वास मरतो. फ्रिजमधून काढून दहा मिनिटं थांबा, उंच ग्लासात तिरकी ओता, तळाशी थोडी उरली की बाटली हलक्या हाताने फिरवून यीस्टही ग्लासात घ्या. हेफेवाइझेनची खरी जोडी मला थंडीत पनवेलकडच्या शेतावर मडक्यात भाजलेल्या पोपटीशी सापडली. वालाच्या शेंगा, अंडी, कोंबडी, ओवा, भांबुर्ड्याचा पाला आणि मडक्याला लागलेला धूर. त्या धुरानंतर घोट घेतला, तेव्हा लवंगेचा वास पहिल्यांदा स्पष्ट कळला.