बॉल बदलत गेले ते तेलामुळे

लातूर, नांदेड, परभणीची मुलं शिकायला किंवा नोकरीला पुणे-हैदराबादला जातात, सुटीच्या दिवशी मित्रांबरोबर बोलिंगला, म्हणजे जड बॉल घरंगळवत समोरच्या दहा पिना पाडायच्या खेळाला, जातात आणि त्यातल्या काहींना या खेळाची खरी गोडी लागते. स्पर्धेत उतरायचं ठरलं की पहिला प्रश्न येतो, स्वतःचा बॉल कोणता घ्यायचा? बहुतेकांचा ओढा सगळ्यात जास्त वळणाऱ्या, महागड्या बॉलकडे असतो. बॉल ज्या पट्टीवरून जातो त्या लेनवर तेल लावलेलं असतं, आणि हे तेल अवघड असेल तर अनेकदा तोच बॉल नडतो. असं का होतं, हे या खेळाच्या इतिहासात सापडतं.

फाउल लाइनपासून (जिच्या अलीकडून बॉल टाकायचा ती रेघ) पहिल्या पिनपर्यंत लेन 60 फूट लांब, रुंदीला 39 फळ्या. पूर्वी या लाकडाला शेलॅक, नंतर लॅकर लावत. 16 पौंडांपर्यंतचे बॉल आपटून आणि घासून फळ्या खराब होत, म्हणून वर तेल आलं. म्हणजे मूळ हेतू लाकूड जपण्याचा होता, खेळाडूचा कस बघण्याचा नव्हे. आपल्याकडे तालमीत तांबडी माती तेल, ताक, हळद घालून तयार करतात आणि पैलवान त्या मातीचा अंदाज घेऊनच डाव टाकतो. लेनवरचं तेल मात्र नजरेला जवळजवळ दिसत नाही. अख्ख्या लेनवर ते असतं साधारण 20 ते 30 मिलिलिटर. एवढ्याशा थरावर अख्खा खेळ फिरतो!

बॉल आधी लिग्नम व्हाइटी या अतिशय जड लाकडाचे असत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रबराचे आले, 1960 च्या दशकात पॉलिएस्टरचे. 1973 मध्ये अमेरिकेत डॉन मॅक्यून या व्यावसायिक खेळाडूनं बॉल मिथाइल इथाइल कीटोन या द्रावणात भिजवून त्याचा पृष्ठभाग मऊ केला. मऊ बॉल लेनला धरून वळू लागला आणि मॅक्यून त्या वर्षीचा पीबीए या व्यावसायिक बोलिंग संघटनेचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. त्या द्रावणाची वाफ सहज पेट घेते, तरी बाकीचेही बॉल भिजवू लागले. मग बॉल किती मऊ चालेल यावर नियमानं बंधन आलं. मला या इतिहासातलं हे सर्वांत महत्त्वाचं वळण वाटतं, कारण बॉलचं वजन किंवा आकार यापेक्षा त्याचा पृष्ठभाग महत्त्वाचा, हे तेव्हा सगळ्यांना पटलं.

1981 मध्ये युरेथेन या प्लॅस्टिकचे बॉल बाजारात आले. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला रिअॅक्टिव्ह रेझिन हे बॉलच्या आवरणाचं नवं द्रव्य आलं. त्याची सूक्ष्म छिद्रं तेल शोषतात, त्यामुळे बॉल तेल संपताच एकदम वळतो. त्याला तोंड द्यायला लेनवर तेल वाढवलं गेलं आणि मशीननं ते कुठे जाड, कुठे पातळ ठेवता येऊ लागलं. रोजच्या खेळाच्या लेनवर मधे कडेपेक्षा आठ-दहापट तेल असतं. थोडं चुकलं तरी बॉल परत वाटेवर येतो. तेल पसरण्याच्या मांडणीला पॅटर्न म्हणतात; स्पर्धेतल्या स्पोर्ट पॅटर्नमध्ये हे प्रमाण तिपटीच्या आत असतं. तिथे चुकीला माफी नाही.

म्हणून अशा सपाट, म्हणजे तेल जवळजवळ सारखं पसरलेल्या, पॅटर्नवर फार जोरकस बॉल उलटा त्रास देतो. जरा बाहेर गेला की घसरत राहतो, जरा आत आला की लवकर वळतो. सिमेट्रिक कोरचा (आतला जड गाभा सममित असलेला), मध्यम ताकदीचा रिअॅक्टिव्ह बॉल इथे जास्त भरवशाचा. पॅटर्न 35 फुटांचा किंवा त्याहून आखूड असेल, म्हणजे फाउल लाइनपासून तिथपर्यंतच तेल असेल, तर युरेथेन कामाला येतो. 44 फुटांपुढच्या पॅटर्नला मात्र खरबरीत पॉलिशपेपरनं घासलेला, लवकर पकड घेणारा बॉलच लागतो. 2022 मध्ये युरेथेन बॉलच्या मऊपणावरून अमेरिकेत पुन्हा वाद पेटला, म्हणजे 1973 चा प्रश्न अजून मिटलेला नाही.

नव्या खेळाडूनं पहिला बॉल मध्यम ताकदीचा रिअॅक्टिव्हच घ्यावा आणि पहिल्या फेकीनंतर उरलेल्या पिनांसाठी सरळ जाणारा पॉलिएस्टरचा. युरेथेनचा विचार त्यानंतर. स्पर्धेआधी पॅटर्नचा कागद आवर्जून मागून घ्यावा. त्यावरच्या लांबीतून 31 वजा केले की बॉल कडेकडून साधारण कितव्या फळीपासून वळायला हवा ते कळतं: 38 फुटांचा पॅटर्न असेल तर सातवी फळी.