कार्ट्रिज व टोनआर्मची जुळणी

रेकॉर्ड वाजताना सुई खोबणीच्या दिशेत, योग्य वजनाने आणि दोन्ही भिंतींना सारखी टेकावी, यासाठी कार्ट्रिज (सुई बसवलेली, तिचे कंप विजेच्या संकेतात बदलणारी डबी) आणि ते धरणारा टोनआर्म (रेकॉर्डवर फिरणारा दांडा) मापात बसवण्याची क्रिया.

अडचण मुळात भूमितीची आहे. मूळ मुद्रिका कोरणारे यंत्र कोरणी कडेकडून मध्याकडे सरळ रेषेत नेते. घरातला टोनआर्म मात्र एका खुंटीभोवती फिरतो, त्यामुळे सुईची वाट कंसाकार होते. आर्मला बाक देऊन आणि सुईचा पल्ला रेकॉर्ड जिच्यात अडकते त्या मधल्या दांडीच्या थोडा पुढे नेऊन (नऊ इंची आर्मला साधारण १५ ते १८ मिमी) हा फरक कमी होतो, मिटत मात्र नाही. सुई खोबणीशी अचूक जुळते ती दोनच ठिकाणी. एरिक लोफग्रेन यांनी १९३८ मध्ये याचे गणित मांडले. बेअरवाल्ड (१९४१) यांच्या पद्धतीने एलपीवर ही ठिकाणे केंद्रापासून सुमारे ६६ आणि १२०.९ मिमीवर येतात, तर स्टीव्हन्सन (१९६६) यांच्या पद्धतीने ६०.३ आणि ११७.४ मिमीवर.

ही निवड किरकोळ नाही. मिनिटाला ३३⅓ फेऱ्या घेणाऱ्या एलपीच्या कडेला सेकंदाला सुमारे ५१ सेंमी खोबण सुईखालून सरकते, आतल्या टोकाला जेमतेम २१. तोच स्वर तिथे कमी जागेत दाटतो आणि जुळणीतली चूक कानाला बोचते. ख्यालाच्या एलपीत द्रुत ताना बहुधा याच टोकाला असतात! कुमार गंधर्वांचे जन्मगाव सुळेभावी बेळगाव जिल्ह्यातले. मल्लिकार्जुन मन्सूर आणि गंगूबाई हनगल शेजारच्या धारवाड-हुबळीचे. या गळ्यांवर कान घडलेल्या बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या श्रोत्याने आतल्या टोकाला जपणारी स्टीव्हन्सनची मापेच घ्यावीत, असे नोंदकर्त्याचे ठाम मत आहे.

जुळणीची सुरुवात वजनापासून करतात. मागचे वजन फिरवून आर्म आधी अधांतरी तोलायचा, मग कार्ट्रिजला सांगितलेला भार द्यायचा. मूव्हिंग मॅग्नेट (सुईबरोबर चुंबक हलणाऱ्या) जातीला तो बहुधा दीड ते अडीच ग्रॅम असतो. भार कमी ठेवला की रेकॉर्ड वाचते, हा समज घातक आहे: हलकी सुई खोबणीत उसळते आणि भिंती खरवडते. त्यानंतर मापपट्टीचा कागद (ती दोन ठिकाणे आणि रेषा छापलेला) मधल्या दांडीत अडकवून, स्क्रू सैल करून, दोन्ही बिंदूंवर कार्ट्रिज रेषांशी समांतर आणतात. कागद घरी छापला असेल तर त्यावरचे अंतर फूटपट्टीने मोजून पाहावे. छपाईत आकार आक्रसला तर सगळी मेहनत फुकट जाते. सुई समोरून उभी दिसते का, हे छोट्या आरशावर टेकवून कळते. बाक दिलेला आर्म आत ओढला जातो, त्याला अँटिस्केटिंगने, म्हणजे बाहेरच्या दिशेने दिलेल्या हलक्या ताणाने, आवर घालतात.

जुन्या पेट्यांत नाट्यपदे आणि कन्नड वचने असलेल्या ७८ फेऱ्यांच्या लाखेच्या रेकॉर्डीही निघतात. त्यांची खोबण रुंद असल्याने सुमारे ०.०७६ मिमी त्रिज्येची वेगळी सुई लागते. एलपीची बारीक सुई तळाशी घासून नुसता खरखराट देते. सुई बदलली की भार पुन्हा तपासावा लागतो.