नालेचं उघडं तोंड

माथेरानला मोटारींना बंदी आहे, म्हणून तिथे अजून टापा ऐकू येतात आणि नालबंदही भेटतो. घोड्याचा पुढचा पाय मागे वळवून तो आपल्या गुडघ्यांत धरतो, वाढलेला खूर तासतो आणि खिळा हातात घेतला की आधी त्याचं टोक बघतो. ते एका अंगाने तिरकं घडवलेलं असतं. तिरकी बाजू आत ठेवून ठोकलं की खिळा वर जाता जाता बाहेर वळतो आणि खुराच्या कडेतून निघतो. उलटा लागला तर आतल्या जिवंत भागात शिरेल. एवढे घाव बसतात तरी घोडा शांत असतो, कारण खुराची बाहेरची भिंत आपल्या नखासारखीच केराटिनची. तिथे ना रक्त, ना वेदना.

खरं तर खूर हे नखच. घोडा प्रत्येक पायाच्या एकाच, मधल्या बोटावर चालतो, आणि त्याचं नख महिन्याला साधारण १ सेंटिमीटर वाढतं. दगडी रस्त्यावर ते वाढीपेक्षा लवकर झिजतं, म्हणून नाल.

पण नाल मागून उघडी का? लोखंडाचं पूर्ण कडं जास्त मजबूत झालं असतं की! याचं उत्तर खुराच्या तळाशी आहे. तिथे व्ही अक्षरासारखी एक रबरी गादी असते. पाऊल टेकलं की गादी दाबली जाते, टाचेकडचा भाग किंचित फाकतो, धक्का जिरतो आणि पायातलं रक्त वर चढायला मदत होते. टाच जखडली तर हे सगळं अडखळेल. म्हणून काही दुखण्यांत मुद्दाम बंद नाल बसवतात ते सोडलं, तर नालेचं तोंड मागे मोकळं असतं आणि खिळेही पुढच्या भागातच मारतात. बैलाचा खूर मधोमध दुभंगलेला, त्यामुळे त्याला एका पायाला दोन सुट्या पत्र्या लागतात.

हा शब्द आपल्याकडे अरबी-फारसीतून आला. अरबीत ‘नअल’ म्हणजे पायातली वहाण. मराठेशाहीत शिलेदारांना आगाऊ मिळणाऱ्या रकमेला नालबंदी म्हणत. पुढे चामडी चपलेच्या टाचेखालच्या लोखंडी पट्टीलाही आपण नाल म्हणू लागलो. वहाणेचा शब्द घोड्याच्या पायातून फिरून पुन्हा वहाणेलाच येऊन चिकटला, याचं मला फार कौतुक वाटतं.

आकारामुळे तर नाल कुठे कुठे पोचली! अजिंठ्याची लेणी वाघोरा नदीच्या नालेसारख्या वळणावर आहेत. वळणाच्या बाहेरच्या काठावर पाण्याचा मारा जास्त, म्हणून तिथला बेसॉल्ट झिजत जाऊन उभा कडा तयार झाला, आणि त्या कड्यातच लेणी कोरली गेली. नवव्या, दहाव्या, एकोणिसाव्या आणि सव्विसाव्या लेण्यांच्या दर्शनी भागावरची मोठी खिडकीही नालेच्याच आकाराची.

साधारण ५०० माणसांत एकाच्या पोटातही नाल असते. गर्भात मूत्रपिंडं ओटीपोटातून वर सरकतात. त्या आधीच दोघांची खालची टोकं जुळली, तर वर जाताना आतड्याकडे जाणारी एक रोहिणी आडवी येते आणि जोडी तिथेच, नेहमीपेक्षा खाली थांबते. अनेकांना हे दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या सोनोग्राफीत पहिल्यांदा कळतं.

आणि शाळेतला तो लाल रंगाचा नालाकृती चुंबक. सरळ पट्टीची टोकं लांब असतात. ती वाकवून शेजारी आणली की दोन्ही ध्रुव एकाच खिळ्याला मिळून ओढतात. मात्र चुंबक पेटीत ठेवताना सर तोंडावर मऊ लोखंडाची पट्टी आडवी लावायचे. उघडा राहिला तर हळूहळू त्याची ताकद कमी होते. पट्टीतून चुंबकीय क्षेत्राला वाट मिळते आणि फेरा पुरा होतो. घोड्याची नाल उघडी हवी, ही मात्र मिटलेली.