कांदा, लू आणि दोन लॅटिन चुका

नागपूरचा मे महिना आमच्या आजीच्या हिशेबाने कांद्याशिवाय निभत नसे. दुपारी बाहेर निघालं की ती दारातच हातावर कांदा ठेवायची. 'खिशात ठेव, लू नाही लागत.' संध्याकाळी धडधाकट परतलो की तिचा निकाल तयार असे : 'पाह्यलं? म्हटलं होतं ना!' मे २०१३मध्ये पारा ४७.९ अंशांवर गेला, तेव्हा तर कांद्याची प्रतिष्ठा फारच वाढली.

इथे तर्क चुकतोय हे कॉलेजात कळलं. नेमका कोणता, यात मात्र मी बरीच वर्षं घोळ घातला. 'पोस्ट हॉक, अर्गो प्रॉप्टर हॉक' आणि 'कुम हॉक, अर्गो प्रॉप्टर हॉक' ही जुळ्या भावांसारखी नावं. पोस्ट म्हणजे नंतर, कुम म्हणजे सोबत. पुढचं दोन्हीकडे तेच : म्हणून यामुळेच.

आजी 'पोस्ट'वाली. आधी कांदा, मग लू न लागणं, म्हणजे कांद्यामुळेच. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली की आपण कावळ्याला धरतो, त्यातला प्रकार. इथे एवढंच विचारायचं : कांदा नसता तर? बिनकांद्याचे बहुतेक लोकही संध्याकाळी घरी येतातच. काढ्यांची कीर्ती अशीच होते. सर्दी अगदी अनावर झाली की आपण काढा घेतो, आणि तिथून ती तशीही उतरणीलाच लागणार असते.

आमच्या पानठेल्यावरचे काका जास्त हुशार. ते एका दिवसावर बोलत नाहीत. 'चाळीस वर्षं पाहून राह्यलो, कांदेवाल्यांना लू कमीच लागते.' हे खरंही असेल. पण आठवणीने कांदा ठेवणारा माणूस डोक्याला दुपट्टा बांधतो, पन्हं पिऊन निघतो, भर दुपार टाळतो. श्रेय त्या काळजीचं, मिरवतो कांदा. ही 'कुम'ची चूक, आणि ती पकडायला जास्त अवघड, कारण त्यात निरीक्षण खोटं नसतं.

'कुम'मध्ये कारण आणि परिणाम उलटेही निघू शकतात. व्हेरायटी चौकात वाहतूक पोलीस आणि गर्दी बरोबरच दिसतात, म्हणून पोलिसामुळे गर्दी होते असं कुणी म्हणत नाही. 'पोस्ट'मध्ये ही सोय नाही. फांदी तुटली म्हणून कावळा आधीच येऊन बसला, असं कसं म्हणणार?

दोन्ही चुका एकाच रोगाच्या गोष्टीत पाहायच्या तर लंडनच्या कॉलऱ्याकडे जावं लागतं. १८४९च्या साथीचे आकडे मांडताना विल्यम फार या आकडेतज्ज्ञाला दिसलं की वस्ती जितकी सखल, तितके मृत्यू जास्त. संबंध पक्का होता. त्यावरून दोष मात्र गेला सखल भागातल्या दूषित हवेला. तिथले लोक थेम्सचं घाण पाणी पितात, हे बाजूला राहिलं. मग १८५४मध्ये लंडनच्याच सोहो भागात साथ आली, कॉलरा दूषित पाण्यातून पसरतो असं मानणाऱ्या डॉक्टर जॉन स्नोच्या सांगण्यावरून ८ सप्टेंबरला ब्रॉड स्ट्रीटच्या पंपाचा दांडा काढला गेला आणि साथ थांबली, अशी गोष्ट आपण वाचतो. प्रत्यक्षात लोक आधीच वस्ती सोडून गेले होते आणि मृत्यू उतरणीला लागले होते. हे स्वतः स्नोनेच मान्य केलं.

गंमत म्हणजे पाण्याबद्दल स्नो बरोबरच होता, फक्त दांडा हा त्याचा पुरावा नव्हता. पुरावा होता तो अपवादांत. पंपाशेजारच्या दारूभट्टीतले कामगार बिअर प्यायचे, ते वाचले. दूर हॅम्पस्टेडला राहणारी एक विधवा त्या पंपाचं पाणी आवडीने मागवायची, ती दगावली.

कांद्याचे असे अपवाद शोधायला मी काही उपयोगाचा नाही. खिशात कांदा अजूनही असतो, पण डोक्याला दुपट्टाही असतो, आणि पन्हं प्यायल्याशिवाय घरचे सोडत नाहीत.