सरकीची ढेप, जवसाची चटणी आणि आईचं दूध

वऱ्हाडात डेअरीवर दूध घालणाऱ्या घराला एक हिशोब तोंडपाठ असतो. म्हशीला सरकीची ढेप नीट घातली की फॅट जास्त लागतं, आणि फॅट लागलं की लिटरमागे भाव वाढतो. बाळंतपणाला माहेरी आलेल्या लेकीच्या ताटात माय दोन चमचे तूप जास्त वाढते, त्यामागेही बराचसा हाच हिशोब असतो. तरी लेकरू रडतं. मग कुणीतरी दूध वाटीत पिळून पाहतं, ते निळसर, पाण्यासारखं दिसतं. ‘पोरीचं दूध पातळ आहे’ असा निकाल लागतो आणि आठवडाभरात घरात पावडरचा डबा येतो.

म्हशीचा हिशोब खरा आहे. तिच्या मोठ्या पोटात जंतू चारा आंबवतात आणि त्यातून निघणारं अ‍ॅसिटिक आम्ल हा तिच्या दुधातल्या चरबीचा एक मुख्य कच्चा माल. म्हणून चारा बदलला की फॅट हलतं. बाईला असं पोट नाही. तिच्या १०० मिलिलिटर दुधात साधारण साडेतीन ते साडेचार ग्रॅम चरबी असते, बाळाला मिळणारी निम्मी ऊर्जा त्यातूनच येते, आणि ताटात तूप वाढवल्यानं हा आकडा फारसा सरकत नाही.

वाटीतलं दूध मग पातळ का दिसतं? कारण ते पहिल्या धारेचं असतं. चरबीचा प्रत्येक थेंब स्तनातल्या पेशीतून निघताना त्या पेशीचंच पातळ आवरण पांघरून निघतो. छाती भरलेली असताना हे थेंब आत अडकून राहतात. ती रिकामी होत जाते तसे ते सुटतात. त्यामुळे एकाच पाजण्यात शेवटचं दूध पहिल्यापेक्षा दुपटी-तिपटीनं दाट असू शकतं. सकाळी निंदणाला गेलेली बाई पाच तासांनी परत येते तेव्हा छाती गच्च भरलेली असते, आणि तेव्हाची पहिली धार तर आणखीच पातळ. त्या वेळी वाटी पुढे धरून निकाल देणं हा तिच्यावर अन्यायच आहे. एक बाजू पुरती रिकामी होऊ द्यावी, मग दुसरी.

ताटाचा खरा परिणाम दिसतो तो चरबीच्या जातीवर, म्हणजे ती कोणकोणत्या मेदाम्लांची बनली आहे यावर. दुधातली चरबी तीन वाटांनी येते: आईच्या अंगावरच्या साठ्यातून, तिनं खाल्लेल्या तेलातुपातून, आणि काही स्तनातल्या पेशी साखरेपासून स्वतः तयार करतात. १९५९ साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेतल्या संशोधकांनी एका अंगावर पाजणाऱ्या बाईचा आहार पाळीपाळीनं बदलून पाहिला. मक्याचं तेल दिलं तेव्हा काही दिवसांतच दुधातली चरबी मक्याच्या तेलासारखी झाली. तेल बंद करून पिठूळ-गोड अन्न भरपूर दिलं, तर पेशींनी घरच्या घरी बनवलेली लॉरिक, मिरिस्टिक ही आम्लं वाढली. अन्नच कमी दिलं, तेव्हा दुधातली चरबी तिच्या अंगावरच्या चरबीसारखी दिसू लागली. पुढे १९९८ च्या एका प्रयोगात बायकांना एकेका जेवणातून वेगवेगळी तेलं दिली. सहा तासांत त्यांच्या खुणा दुधात उतरल्या. खोबरेलाची खूण चौदा तासांनी सर्वांत वर पोचली, माशाच्या तेलातल्या डीएचए या आम्लाची दुसऱ्या दिवशी.

आता आपल्या चुलीकडे पाहू. करडईच्या जुन्या वाणांच्या तेलात तीन-चतुर्थांश भाग लिनोलिक म्हणजे ओमेगा-६ जातीचं मेदाम्ल. सोयाबीनच्या तेलात ते निम्मं, आणि ओमेगा-३ फक्त सातेक टक्के. जवसाच्या तेलात मात्र निम्म्याहून जास्त ओमेगा-३! अळिवाच्या तेलातही ते बरंच असतं. गेल्या तीन-चार दशकांत विदर्भात शेतात सोयाबीन आलं, घरात पाकिटातलं तेल आलं, आणि जवस चटणीपुरतं उरलं. बाळंतिणीच्या ताटात ही चटणी आणि अळिवाची खीर अजून टिकून आहे, हे मला फार बरं वाटतं.

पण जवसाचं कौतुक करताना एक गोष्ट लपवू नये. बाळाच्या मेंदूला आणि डोळ्याच्या पडद्याला लागतं ते डीएचए, ओमेगा-३ मधलंच पण लांब साखळीचं. जवसाचं ओमेगा-३ आईच्या शरीरात डीएचएपर्यंत फारच थोडं पोचतं. जवसाचं तेल चार आठवडे रोज देऊन पाहिलं, तरी दुधातलं डीएचए वाढलं नाही. ते वाढतं मासे खाल्ल्यावर. भंडारा-गोंदियात मालगुजारी तलावांमुळे मासळी घराजवळ आहे. यवतमाळ-वाशीमच्या कापूसपट्ट्यात ती बाजाराच्या दिवशी मिळाली तर मिळते. अंड्याच्या बलकातही थोडं असतं. नेमक्या बाळंतपणातच कित्येक घरांत मासे-अंडी बंद करतात, ‘लेकराला बाधेल’ म्हणून.

वनस्पती तुपातलं ट्रान्स फॅटही (तेल घट्ट करताना तयार होणारी अपायकारक चरबी) असंच आईच्या ताटातून दुधात जातं. २०२२ पासून देशात तेलातुपात त्याला २ टक्क्यांची मर्यादा आहे.

मग मायनं वाढलेलं तूप वाया गेलं का? मुळीच नाही. पहिले सहा महिने पाजणाऱ्या बाईला रोज ६०० कॅलरी जास्त लागतात, असं भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद सांगते. ताटातून त्या मिळाल्या नाहीत, तरी दुधातली चरबी लगेच आटत नाही. ती आईच्या अंगावरून काढली जाते. दूध पातळ होण्याआधी बाई वाळते.